पहाटेच्या पुण्यवंतांना चार सूचना

परवा संकष्टीला पहाटे साडेपाचला गंगापूर रोडवरच्या आमच्या कंपाउंडबाहेर उभं राहून, काठीच्या आकड्याने जास्वंदीची फांदी ओढणाऱ्या तुमच्यासारख्या भाविकांना थोडं मार्गदर्शन करावं म्हणते.

आधी गुरू नीट निवडा. हमिंगबर्ड घ्या. (सोसायटीच्या ग्रुपवर ‘हमिंगबर्ड दिसला!’ म्हणून फिरतो तो आपला शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. असो.) यातले काही फुलाच्या तोंडाशी जातच नाहीत. देठाजवळ चोच खुपसून भोक पाडतात, मकरंद पितात आणि पसार! परागाचा कण अंगाला लागत नाही. फुलाने मजुरी आगाऊ दिली, काम शून्य.

पिशवीवर देवाचा फोटो हवाच.

भोक स्वतः पाडायचेही कष्ट नकोत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत फ्लॉवरपिअर्सर नावाचे पक्षी असतात, चोच थेट तुमच्या काठीसारखी आकडीदार. ते भोक पाडतात, मागून हमिंगबर्ड त्यातूनच पितात. आमच्या मेंदीच्या कुंपणाला एकाने भगदाड पाडलं, आता तिथून अख्खा मॉर्निंग वॉक जातो.

कोणी हटकलं तर ‘देवासाठीच नेतोय ताई’ म्हणा.

झाडाची काळजी नको. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका लाल रानफुलाला बम्बलबी (गुबगुबीत, केसाळ माश्या) भोक पाडून रिकामं करतात. मग परागीभवन करणारे हमिंगबर्ड त्या फुलांकडे फिरकत नाहीत आणि बी कमी धरतं. म्हणजे गुरूच तिथे नाडलेलं गिऱ्हाईक! पण दरवेळी नुकसानच होतं असंही नाही. रिकामी फुलं टाळत पक्षी लांबच्या झाडावर गेला, तर पराग दूरवर पोचतो, झाडाचं भलंही होतं. तुमच्या पिशवीने कोणाचं भलं झालंय? आणि तो चोर फूल झाडावर ठेवतो हो! तुम्ही कळ्या नेता. कळ्या! घरी पाण्यात ठेवल्या की उमलतात म्हणे. चार दिवस झाले, झाडावर एक फूल नाही, रोज सकाळी येणारी शिंजिराची जोडी येते, रिकाम्या फांदीवर बसते, उडून जाते. वर फांदी मोडलीत ती वेगळीच. चारचाकी लावून फिरायला येता, फुलबाजारात दहा रुपये टाकायला जीव जातो? बाप्पाला चोरीचा माल वाहताना काहीच वाटत नाही?

मागितली असती तर मीच तोडून दिली असती. बेल गेटवरच आहे, तुमची काठी पोचते तिथून हातभर अंतरावर. ती वाजवायला हात झडतात का?