प्रेमकथेतून सुटलेला खलनायक

बेसबॉलच्या एकाच संघातील दोन पुरुष खेळाडूंच्या प्रेमकथा हल्ली इंग्रजीत पुष्कळ लिहिल्या जातात आणि मी त्या आवडीने वाचतो. माझी तक्रार एवढीच, की त्यांत खलनायक ठरतो तो शिवराळ प्रेक्षक किंवा जुनाट विचारांचा प्रशिक्षक. खेळाडूचा करार मात्र सहीसलामत सुटतो.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे मेजर लीग. तिच्यात प्रत्येक संघाचे मोसमाला 162 सामने होतात आणि त्यांतले निम्मे परगावी असतात. तेच 26 जण सहा महिने एकत्र प्रवास करतात, एकत्र राहतात, त्यामुळे जवळीक वाढायला वाव भरपूर असतो. पण ज्या क्लबशी करार असतो, तोच क्लब खेळाडूला न विचारता त्याचा ‘ट्रेड’ करू शकतो, म्हणजे त्याला दुसऱ्या शहरातील संघाच्या हवाली करू शकतो. करारात वेगळे कलम नसेल, तर नकाराचा हक्क मिळण्यासाठी लीगमध्ये 10 वर्षे आणि त्यांतली शेवटची 5 एकाच संघात काढावी लागतात.

लॉस एंजेलिस डॉजर्स या संघातील ग्लेन बर्क या खेळाडूचे उदाहरण घ्या. 1977 मध्ये त्याचा संघसहकारी डस्टी बेकरने मोसमातला तिसावा होमरन मारला, तेव्हा हात उंचावून त्याला टाळी देणारा, ज्याला ‘हाय फाइव्ह’चा जनक मानतात, तो हाच. तो समलिंगी असल्याची कुणकुण डॉजर्सच्या व्यवस्थापनाला लागली होती. लग्न केलेस तर पैसे देऊ, असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे त्याने पुढे उघड केले. त्याने लग्न केले नाही आणि मे 1978 मध्ये ट्रेड होऊन त्याची रवानगी ओकलंडच्या संघात झाली. त्याला घालवण्यासाठी कोणाला शिवी द्यावी लागली नाही, कागदावरची एक सही पुरली.

महिला क्रिकेटमध्ये मारिझान कॅप आणि डेन व्हॅन नीकर्क यांनी 2018 मध्ये लग्न केले आणि त्यानंतरही त्या दक्षिण आफ्रिकेकडून एकत्र खेळल्या. खेळाडू म्हणून त्यांचे धैर्य मोठेच, पण राष्ट्रीय संघात कोणी कोणाचा ट्रेड करत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

म्हणून एखाद्या लेखकाने जुलैअखेरची ट्रेडची मुदत, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख, कथेच्या मध्यावर आणावी, असे मला वाटते. लग्न झालेला खेळाडू बायकामुलांची अडचण व्यवस्थापकापुढे निदान मांडू तरी शकतो. कथेतल्या या दोघा प्रेमिकांपैकी एकाला दुसऱ्या दिवशी हजारो मैल दूर निघायचे असेल, तर दुसऱ्याने सुट्टी कोणत्या नात्याने मागायची?