गोष्ट बटणात कशी असेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

‘ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की गोष्ट दोन ओळींत संपते, संवाद तर कळतही नाहीत, मग मराठी शिकवणाऱ्या बाईंनी बटणांवर एवढं लिहायचं कशाला? शिवाय खेळणाऱ्याच्या हाती सूत्रं दिली की निवेदक संपतो, आणि निवेदक संपला की गोष्टही संपते, असं तुमचं म्हणणं. हे दुसरं मला अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कथानक दोन ओळींचंच आहे. वडील आजारी, दोघं भाऊ जीवनवृक्षाचं पाणी आणायला निघतात. जोसेफ फारेसच्या दिग्दर्शनाखाली २०१३ साली आलेल्या या गेममधली पात्रं बोलतात ती भाषासुद्धा बनवलेली आहे. पण कंट्रोलरची, म्हणजे खेळताना दोन्ही हातांत धरायच्या यंत्राची, डावी स्टिक (दांडी) थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. प्रत्येकाचं बटणही वेगळं. आई बुडून गेली तेव्हापासून धाकटा पाण्याला घाबरतो. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीवर बसतो. खेळताखेळता दोन्ही हातांना दोन भावांची सवय होऊन जाते. शेवटाकडे थोरला मरतो आणि डाव्या हाताला काम उरत नाही. धाकटा एकटा परततो, वाटेत पाणी आडवं येतं. त्याचं बटण दाबून काही होत नाही. खेळणारा चाचपडतो, आणि कधीतरी थोरल्याचं बटण दाबतो. धाकटा पोहायला लागतो.

भावाच्या आठवणीनं त्याला बळ आलं, हे कादंबरीत एका वाक्यात लिहिता येतं. इथे ते कुणी बोलत नाही, ते आपल्या बोटाला सापडावं लागतं. मग निवेदक गेला कुठे? कोणतं बटण कधी चालेल आणि कधी चालणार नाही हे ज्यानं ठरवलं, तोच निवेदक. तो नियमांतून बोलतो.

निर्णय खेळणाऱ्याचा असला तरी हे बदलत नाही. लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ घ्या, तोही २०१३ चाच. साल १९८२, एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासायला बसलेले. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, आणि त्यातच घरभाडं, जेवण, आजाऱ्याचं औषध. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागे बायको आहे, सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. आता गंमत नियमाची बघा: दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, पुढे दंड. हे कळलं की आपण हिशेब करायला लागतो, आजची ताकीद शिल्लक आहे का? सरकारी खुर्चीत माणसाचं काय होतं यावरच्या उत्तम मराठी कथा मी वर्गात शिकवते. त्या वाचताना मी त्या कारकुनाकडे बघते. इथे दया परवडते का हा हिशेब मीच केला, आणि तो करायला मला लेखकानं लावलं.

मग शेवट ठरलेलाच असेल तर खेळायचं कशाला, हेही तुम्ही विचारलंत. मिरवणुकीनं नेऊन शेवटी जाळतात त्या मारबतीच्या पुतळ्याचं काय होणार हे अख्ख्या नागपूरला ठाऊक असतं. तरी इतवारीच्या गर्दीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत चालणाऱ्याची मारबत आणि गॅलरीतून बघणाऱ्याची मारबत एक नसते.

तुमचा एक मुद्दा मात्र पक्का आहे. काही गेममध्ये खेळ थांबवून दाखवलेल्या मधल्या चित्रफितीत नायक हळवा, आणि खेळ सुरू झाला की तोच बेधडक माणसं मारत सुटतो. क्लिंट हॉकिंग या गेम बनवणाऱ्यानंच २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेममधल्या अशाच विसंगतीवर लिहिलं होतं. त्यात लहान मुलींना वाचवायचं की मारून ताकद मिळवायची हे तुम्ही ठरवता, पण कथेत ॲटलस नावाच्या पात्राला मदत करण्यावाचून गत्यंतर नाही. नियम एक सांगतात, कथा दुसरंच. नुसते संवाद वाचणाऱ्याला ही फट दिसलीच नसती. गेमला कथा म्हणावं की नाही, हा वाद गेमचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ आणि इतरांनी २००१ च्या सुमारास भरपूर घातला. मला त्यात फारसा रस नाही. कथा कुठे घडते हे बघण्यात आहे.

‘मराठीत याची गरज काय’ याचं उत्तर पुण्यातच आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, भिंतीभिंतींवर पुराणकथांची चित्रं. फार देखणा गेम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण भावाची ओढ तिथे आपण ऐकतो, हातांच्या वाट्याला मुख्यतः लढाई आणि उड्याच येतात. ‘ब्रदर्स’शेजारी ठेवला की हे लगेच जाणवतं. असे गेम बनवू पाहणारी मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांना संवाद कसा लिहावा हे मी सांगू शकते. नियमातून गोष्ट कशी सांगावी, यावर त्यांच्या हाती द्यायला मला मराठीतलं लिखाण हवं आहे. म्हणून बटणांवर लिहिते, सर, आणि पुढचा लेख ‘राजी’वर लिहिते आहे.