हेडफोन अ‍ॅम्पच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: ऑप्टिकलची चूक आमचीच

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला, काल तुमचं बिल काढून तोच अ‍ॅम्प परत लावून बघितला आणि मग लिहायला बसलो, म्हणून दोन दिवस गेले. तुम्ही लिहिलंय की ऑप्टिकल केबल लावली की काहीच वाजत नाही, यूएसबीवर लावला तर गुणगुण येते आणि आवाज बारीक, त्यात फक्त 96 किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने वाजवणारा) माल गळ्यात मारला, आणि परत द्यायला मिरजेहून सांगलीला आलात तर काउंटरवरच्या पोरानं उघडलेला बॉक्स घेत नाही म्हणून माघारी पाठवलं. एक मुद्दा सोडला तर तुमचं सगळं बरोबर आहे.

आधी ऑप्टिकलचं. तुम्ही जो फोटो टाकलाय त्यात अ‍ॅम्पच्या मागच्या चौकोनी भोकातनं लाल उजेड दिसतोय, तो बघितला आणि माझ्या लगेच लक्षात आलं. ज्या भोकातनं उजेड बाहेर येतो ते आउट, इनचं भोक अंधारं असतं कारण तिथं केबलमधला उजेड आत जायचा असतो. तुमच्या मदरबोर्डचं ऑप्टिकल पण आउटच, म्हणजे दोन्हीकडं आउट जोडलंय, वाजणार कुठनं. त्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटरकडनं आवाज आत यायला फक्त यूएसबी आहे, ऑप्टिकल दिलंय ते पुढं दुसऱ्या मशीनला पाठवायला. तुम्ही दुकानात सरळ विचारलेलं की ऑप्टिकल आहे ना, आणि मी बॉक्सवर ऑप्टिकल लिहिलेलं बघून हो म्हणालो, बॉक्स फिरवून इन आहे का आउट ते वाचलं नाही. वीस सेकंदाचं काम होतं, मी केलं नाही. माफ करा.

आणि तुम्हाला ऑप्टिकलच का पाहिजे होतं ते पण तुम्ही तेव्हा सांगितलेलं. जुना डेस्कटॉप आहे, माऊस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर येते. यूएसबीच्या तारेतनं डेटाबरोबर करंट आणि ग्राउंड पण येतं, त्यातनं पीसीच्या आतला सगळा कचरा येऊ शकतो. ऑप्टिकलमध्ये तांब्याची तारच नाही, नुसता उजेड जातो, त्यामुळं तो रस्ता बंद होतो. फक्त एक, अ‍ॅम्पला पॉवर त्याच पीसीच्या यूएसबीतनं दिली तर गुणगुण मागच्या दारानं परत येऊ शकते, म्हणून वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. तुम्ही खाँसाहेब अब्दुल करीम खाँचं जुनं गाणं ऐकता, तुमच्या मिरजेतच तंबोरे बनतात, तंबोऱ्याची जवार, तो तारांचा झणकार, कशी वाजते ते तुम्हाला मी काय सांगणार, ती त्या गुणगुणीत बुडत असेल तर राग येणारच.

बारीक आवाजाचं पण माझ्याकडनंच राहिलं. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, तो जास्त असला की व्होल्ट जास्त लागतात. दुकानात मी तुम्हाला आमच्या 32 ओहमच्या हेडफोनवर ऐकवलं आणि तुमचा घरचा आहे बेयरडायनॅमिक डीटी 990 प्रो, 250 ओहमचा. 1 मिलिवॉट द्यायला 32 ओहमला 0.18 व्होल्ट पुरतात, 250 ओहमला अर्धा व्होल्ट लागतो, म्हणजे जवळपास तिप्पट. शिवाय अ‍ॅम्पच्या खालच्या बाजूला एक बारकं काळं बटण आहे, गेनचं, म्हणजे अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवणार ते ठरवायचं, ते कंपनीतनं लो वर येतं आणि मी ते हाय वर करून दिलं नाही. काल माझ्याकडच्या 250 ओहमच्या हेडफोनवर हाय करून बघितलं, आवाज येतो, पण जुन्या हळू रेकॉर्डिंगला नॉब जवळजवळ शेवटापर्यंत न्यावा लागतो. तुम्हाला ते पुरणार नाही. हेडफोनचे ओहम न विचारता अ‍ॅम्प द्यायचाच नव्हता.

96 किलोहर्ट्झचं मात्र मी मान्य करत नाही. तुमच्या पीसीवर विंडोज 7 आहे. 96 पर्यंतचा यूएसबी डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग, तो तुमच्या अ‍ॅम्पमध्येच आहे) त्यावर ड्रायव्हर न टाकता चालतो, त्याच्या वरच्याला कंपनीचा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो, विंडोजमध्ये ती सोय आली ती 2017 साली विंडोज 10 च्या अपडेटमध्ये. सीडी 44.1 ची असते आणि तुमची गाणी 78 आरपीएमच्या तबकड्यांवरनं आलेली. दुसऱ्या एखाद्या बॉक्सवर 384 किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून त्यातली खरखर कमी होत नाही की खाँसाहेबांचा सूर जास्त येत नाही. तो पैसा जास्त व्होल्टवाल्या अ‍ॅम्पमध्ये घाला असं मी आजही सांगीन. उलट ऑप्टिकलवर गेलात की बऱ्याच मशीनला 96 पर्यंतच बिनत्रास चालतं.

पोराला काही बोलू नका, बिलावरचा नियम मी छापलाय, तो फक्त तेच बोलला. गिऱ्हाईकानं काय पाहिजे ते सांगून पण आम्ही चुकीचा माल दिला असेल तर तो नियम लागत नाही हे मी त्याला शिकवायला पाहिजे होतं, काल सांगितलं.

अ‍ॅम्प आणि केबल घेऊन या, बॉक्स फाटला असेल तरी चालेल, पूर्ण पैसे परत. दुसरा घ्यायचा असेल तर ऑप्टिकल इनवाला, वेगळ्या अ‍ॅडॅप्टरचा एक काढून ठेवलाय, दोन-अडीच हजार जास्त पडतील, तुमच्या बजेटच्या बाहेर वाटला तर अजिबात घेऊ नका. तुमचा हेडफोन आणि पेनड्राइव्हवर गाणी घेऊन या, आमच्या पीसीला ऑप्टिकलनं लावून पाहिजे तेवढा वेळ ऐका. परत हेलपाटा नको असेल तर रविवारी मीच मिरजेला येतो मशीन घेऊन, तुमच्याच पीसीला लावून बघू. दुकानात यायचं असेल तर सोमवार सोडून कधी पण, दुपारी दोन ते चार मी स्वतः काउंटरला असतो.