लक्ष लागत नाही म्हणून प्रभुभोजन टाळायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण तिच्यामागे प्रभूच्या मेजाबद्दलचा आदर आहे हे कळतं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्यापेक्षा सविस्तरच लिहितो.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की उपासनेत मन भरकटतं एवढ्याच कारणावरून कोणी प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीपासून, दूर राहू नये. आणि त्या वेळी आजूबाजूच्या माणसांचं भान असणं म्हणजे व्यत्यय नव्हे. त्यावर तुमचं म्हणणं असं: प्रेषित पौलाने ‘अयोग्य प्रकारे’ खाणाऱ्या-पिणाऱ्यांना दिलेला इशारा मी गुळमुळीत करून टाकला. चित्त स्थिर नसताना हात पुढे करण्यापेक्षा न घेणं हाच खरा आदर. मुलांची कुरबुर आणि मोबाइलची घंटी यांनी आधीच उपासनेचा विचका होतो, त्यात मी लोकांना शेजाऱ्याकडे बघायला सांगतोय. आणि शेवटी तुमचं ते वाक्य, “प्रभुभोजनात डोळे मिटून फक्त ख्रिस्ताचा विचार करायचा असतो, शेजाऱ्याचा नाही.”

या शेवटच्या वाक्याशीच माझं भांडण आहे. पण आधी पौल, कारण तुमचा सगळा भार त्याच्यावर आहे.

ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) त्याने पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन ५३ ते ५५च्या सुमारास. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे वेदीसमोरची शिस्तीतली रांग नव्हती. घरात एकत्र जमून घेतलेलं ते खरंखुरं जेवण होतं, आणि भाकर मोडणं, प्याला देणं त्या जेवणाशी जोडलेलं होतं. अकराव्या अध्यायातला इशारा वाचताना त्याच्या आधीच्या ओळी सोडू नका. तिथे तक्रार स्पष्ट आहे: जो तो आपापलं जेवण आधी उरकतो, एक जण उपाशी राहतो, दुसऱ्याला चढलेली असते, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना मान खाली घालावी लागते. मग प्रभूला धरून दिलं त्या रात्रीची आठवण, मग इशारा, आणि इशाऱ्यानंतर उपाय. उपाय काय? एकमेकांसाठी थांबा. मन एकाग्र करा असं तो म्हणत नाही, डोळे मिटा असंही नाही. ज्याला यायला उशीर झाला, ज्याचे हात रिकामे आहेत, त्याच्यासाठी थांबा.

करिंथकरांची एकाग्रता कमी पडत होती असं त्या पत्रात कुठेच दिसत नाही. उलट आत्मिक अनुभवांची त्यांना भारीच हौस. पुढचे तीन अध्याय पौल त्यांच्या भाषांच्या दानाला (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषा बोलण्याला) आणि संदेशांना वेसण घालण्यातच घालवतो. तल्लीन व्हायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शेजारी उपाशी बसलाय हे मात्र दिसत नव्हतं.

म्हणून इशारा मी सौम्य केलेला नाही. तो मला तुमच्यापेक्षा जास्तच बोचतो. मन इकडेतिकडे जाणं ही माणसाची दुर्बळता आहे. मंडळीतल्या गरिबाला न मोजता भाकर तोंडात टाकणं हा ख्रिस्ताच्या शरीराचा, म्हणजे मंडळीचाच, अपमान आहे. पौल ज्या शिक्षेबद्दल बोलतो, ‘तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ व रोगी आहेत’ वगैरे, ती या दुसऱ्या गोष्टीसाठी. आणि आत्मपरीक्षणाबद्दल तो लिहितो त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग आपण नेहमी गिळतो: माणसाने स्वतःला पारखावं आणि मग त्या भाकरीतून खावं. पारखून घरी जावं, असं वाक्य नाही ते.

आता पहिलंच मेज बघा. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू भाकर देतो, प्याला देतो आणि लगेच म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्यावर शिष्य आपापसात विचारू लागतात, असं करणारा कोण? इथवर ठीक. पण पुढच्याच ओळीत त्यांचा वाद सुरू होतो, आपल्यात सगळ्यात मोठा कोण! भाकरीची चव अजून जिभेवर असेल. त्याच रात्री, बागेत, ‘जागे राहा’ म्हटल्यावर ही मंडळी झोपी गेली. एकाग्रता ही अट असती तर हे जेवण झालं त्या माडीवर एकही जण पात्र ठरला नसता. भाकर मात्र त्यांच्याच हातात दिली गेली.

‘न घेणं हाच आदर’ ही भावना मी समजू शकतो, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. मंडळीने ती शतकानुशतकं जगून पाहिली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध उपदेशक जॉन क्रिसोस्टम उपदेशात चिडून म्हणतो, की आम्ही वेदीपाशी उभे राहतो ते फुकटच, घ्यायला कोणी येतच नाही. लोक उपासनेला हजर असत, शेवटपर्यंत थांबत, पण दूर राहत. आपण योग्य नाही म्हणून. त्यावर त्याचा सवाल असा, की भोजनाला योग्य नाही तर प्रार्थनेला तरी योग्य कसा? पुढे हा दुरावा इतका वाढला की १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मसभेला नियम करावा लागला: वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला, प्रत्येकाने कम्युनियन, म्हणजेच प्रभुभोजन, घ्यावंच. त्याच काळात धर्मगुरूने भाकर उंच धरण्याची प्रथा पश्चिमेत पसरली, आणि पुष्कळांसाठी ती नुसती पाहणं हेच खाण्याच्या जागी आलं. आदर वाढत गेला आणि जेवणारे कमी होत गेले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन याला प्रभुभोजन दर आठवड्याला हवं होतं; जिनिव्हाच्या नगरसभेने ते वर्षातून चारदा एवढ्यावर ठेवलं. कॅथलिक बाजूला पोप दहाव्या पायसच्या काळात, १९०५ साली, हुकूमनामा निघाला: माणूस कृपेच्या स्थितीत (गंभीर पापापासून मुक्त) असेल आणि हेतू शुद्ध असेल तर वारंवार, अगदी रोजसुद्धा, कम्युनियन घेण्यापासून त्याला कोणी अडवू नये. हेतू शुद्ध म्हणजे सवयीने, दिखाव्याने किंवा लोकलाजेने नव्हे. मन किती वेळ स्थिर राहतं हे मोजायला तिथेही कोणी बसवलेलं नाही.

(स्कॉटलंडमध्ये एके काळी मेजावर येण्याआधी वडीलजन (मंडळीचे निवडलेले पुढारी) लोकांची परीक्षा घेत आणि पास झालेल्याला शिशाचा एक छोटा बिल्ला देत, तो दाखवल्याशिवाय मेजावर जागा नाही. ती परीक्षाही ज्ञानाची आणि वर्तणुकीची. चित्ताच्या स्थैर्याचा बिल्ला पाडायला साचा कुठून आणणार?)

मग लक्ष देणं महत्त्वाचं नाहीच का? आहे, आणि फार जुन्या काळापासून आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो, की प्रार्थनेपूर्वी याजक ‘तुमची अंतःकरणे वर उचला’ म्हणतो आणि लोक ‘आम्ही ती प्रभूकडे उचलली आहेत’ असं उत्तर देतात, ते यासाठी, की त्या वेळी प्रभूशिवाय दुसरा विचार मनात येऊ नये याची त्यांना आठवण राहावी. आजही कित्येक मंडळ्यांत हेच संभाषण होतं आणि आपण ते घडाघडा म्हणून टाकतो. यरुशलेमचा बिशप सिरिल याच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातल्या प्रवचनांत याच ओळीवर बोलताना, तोंडाने ‘उचलली आहेत’ म्हणायचं आणि मन संसाराच्या काळजीत ठेवायचं, हे करू नका असं बजावलंय. पण लगेच पुढे तो प्रवचनकार म्हणतो, की देवाचं स्मरण खरं तर सदासर्वकाळ असावं. माणसाच्या दुर्बळतेमुळे ते जमत नसेल तर निदान या घटकेला तरी झटा. झटा, एवढंच. जमलं नाही तर निघून जा, असं नाही.

आणि झटायचं म्हणजे नेमकं काय, तेही त्याच प्रवचनात आहे. पुढे येताना हात पसरून येऊ नका. डावा तळहात उजव्याखाली धरा, राजाला बसवायचं आहे अशा सिंहासनासारखा. तळहाताची ओंजळ करा, ख्रिस्ताचं शरीर घ्या, ‘आमेन’ म्हणा. मग जपा, एक कणही खाली पडू देऊ नका. कोणी सोन्याचे कण हातावर ठेवले असते तर किती सांभाळून धरले असते? सगळं लक्ष बोटांत, तळव्यात, त्या चुऱ्यात आहे. डोळे उघडे आहेत. विचारांची पाटी कोरी करण्याचा आटापिटा नाही. १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीचा (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या शिकवणीच्या पुस्तकाचा) सूर एरवी किती कडक! तीसुद्धा भोजनाच्या वेळी मेजावरच्या वस्तू आणि तिथल्या कृती नीट न्याहाळायला सांगते, आणि हे भोजन दुबळ्या, शंकाग्रस्त विश्वासणाऱ्यांच्याही साहाय्यासाठी नेमलेलं आहे असं म्हणते.

भाकर मोडताना बघा. प्याला वर उचलला जातो तो बघा. रांगेत नसाल, जागेवर बसून घेत असाल, तर लहान प्याल्यांचा तो ट्रे येताना बघा: शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा हात थरथरतोय, प्याले एकमेकांवर किणकिणतात, तुम्ही ट्रेची दुसरी कड धरता, त्या आपला प्याला उचलतात. डोळे मिटून ख्रिस्ताचा विचार करण्यात तुम्ही गुंगला असाल तर तो ट्रे त्यांना एकटीने पेलावा लागेल. ‘आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत, कारण एकाच भाकरीचे वाटेकरी आहोत’ हे पौलाच्या त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायातलं म्हणणं आणखी कुठे खरं होणार? शेजाऱ्याला वगळून फक्त ख्रिस्ताचा विचार करायचा असेल तर घरी बसूनही करता येतो, आणि करावाही. पण त्याला प्रभुभोजन म्हणत नाहीत.

इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, लोकांचं ‘आमेन’. आणि लगेच पुढे: जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती घरी पाठवला जातो; ज्यांची ऐपत आहे ते स्वखुशीने देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके यांना मदत होते. हे सगळं तो एकाच दमात सांगतो. गैरहजर माणसाची आठवण ठेवणं हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता.

मन भरकटतं तेव्हा ते कुठे जातं, हेही बघायला हवं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो: तू आपलं दान वेदीपाशी आणलंस आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. ‘तिथे आठवलं’ यावर जरा थांबा. ऐन उपासनेत, वेदीसमोर उभं असताना, मनात भलताच विचार आला. भावाचा चेहरा, जुनं भांडण. तुमच्या हिशेबाने हा व्यत्यय. झटकून टाकायचा आणि परत ख्रिस्ताकडे वळायचं. येशू नेमकं उलट सांगतो. त्या विचाराच्या मागे जा, कारण देवालाच त्या घटकेला तुमच्याशी हे बोलायचं होतं.

प्रत्येक विचार असा नसतो, मान्य. गॅस बंद केला का, हा विचार काही देवाचा आवाज नव्हे. तो आला तसा जाऊ द्यावा. त्याच्याशी झुंजत बसलं की तोच मोठा होतो. पण आजारी आईची काळजी, नोकरीची धास्ती, कोणाला तोडून बोलल्याची टोचणी यांना झटकायचं कशाला? नाव घेऊन प्रभूपुढे ठेवायचं, एका वाक्यात, आणि पुन्हा भाकरीकडे बघायचं. काही मिनिटांत हे कितीही वेळा करावं लागलं तरी हरकत नाही.

मोबाइलबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. तो बंद ठेवावा. नुसता सायलेंट करून चालत नाही, तो खिशात थरथरतोच. रांगेत उभं राहून जेवणाचा बेत ठरवणाऱ्यांबद्दलही तुमच्याइतकाच वैतागतो. आदल्या रात्री शास्त्रभाग वाचून ठेवणं, भांडण असेल तर फोन करून मिटवणं, थोडं लवकर येऊन बसणं, या तयारीला पर्याय नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र नाही पटत. हे भोजन ज्या वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेची आठवण करणाऱ्या यहुदी सणाच्या) पार्श्वभूमीवर आलं, त्याच्या नियमांतच मुलाचा प्रश्न गृहीत धरलाय: ‘या सेवेचा अर्थ काय?’ असं तुमची मुलं विचारतील तेव्हा त्यांना सांगा, असं निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. मूल मध्येच बोलणार हे त्या विधीला ठाऊक होतं. पुढच्या वेळी मागच्या बाकावरून ‘आई, ते काय देतायत?’ ऐकू आलं तर कपाळाला आठी घालण्याआधी आई काय उत्तर देते ते ऐका. पुष्कळदा तिलाच ते देता येत नाही, आणि याची मला मुलांच्या आवाजापेक्षा जास्त चिंता वाटते.

तुम्ही शेवटी विचारलंय, की येत्या रविवारी मन असंच सैरभैर असेल तर घ्यावं की नाही. कोणाशी वैर धरून असाल आणि ते मिटवायची तयारीच नसेल, तर थांबा आणि पाळकांशी बोला. नुसतं मन पळत असेल तर या. ‘आमेन’ मोठ्याने म्हणा. पुटपुटलेल्या आमेनपेक्षा स्वतःच्या कानावर पडलेलं आमेन मनाला लवकर जागेवर आणतं, असा माझा अनुभव आहे. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे यावर आपलं एकमत होईल असं दिसत नाही. मिटायचेच असतील तर खाऊन झाल्यावर मिटा, ट्रे पुढे सरकवल्यावर.