माया आणि आदर: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी शांतपणे आणि पुन्हा पुन्हा वाचली. माझी आई मुस्लिम कुटुंबात वाढली, वडील हिंदू कुटुंबातले, आणि मुसलमानांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो या मिश्र घरात घडला, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की हा आदर नसून आजोळची माया आहे. चार प्रेमळ माणसांवरून मी दोन अब्जांच्या समाजाविषयी मत बनवले आहे. आईच्या माहेरची मने दुखावू नयेत म्हणून मुलीला धर्माबाहेर लग्न करू न देणाऱ्या नियमावर मी गप्प राहते. आणि ज्यांच्या घरात एकही मुसलमान नाही त्यांना माझ्या अनुभवाचा काडीचा उपयोग नाही. हे आक्षेप मनापासून घेतलेले आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

माया आणि आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा पुरावा माझ्याच घरात आहे. माझ्या एका काकूंचा आईच्या वडिलांवर खरोखर जीव होता. आजोबांच्या आजारपणात काकूंनी रात्री जागून काढल्या. तरीही मुसलमानांचा विषय निघाला की त्यांचे मत जिथल्या तिथेच असे, आणि आजोबांविषयी त्या कौतुकाने म्हणत, ‘ते त्यांच्यातले वाटतच नाहीत.’ एका माणसाला अपवाद ठरवले की बाकीच्या सगळ्यांविषयीचा ग्रह सुखरूप राहतो. माइल्स ह्यूस्टन आणि रूपर्ट ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: दुसऱ्या समाजातील व्यक्तीशी चांगले संबंध आले, पण त्या वेळी तिचे त्या समाजाचे असणे नजरेआड राहिले, तर त्या संबंधातून आलेला चांगुलपणा त्या व्यक्तीपाशीच थांबतो, समाजापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ‘आमच्या घरात धर्म कुणी पाहतच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मिश्र कुटुंबांविषयी मला थोडी शंका वाटते. तिथे बहुधा कुणीतरी एकाने आपला धर्म दाराबाहेर ठेवलेला असतो.

आमच्याकडे तसे झाले नाही. आजोबा आमच्या घरी मुक्कामाला आले की पाचही वेळा नमाज पढत आणि त्या वेळी आम्ही मुले आवाज कमी करत असू. त्यांचे मुसलमान असणे झाकलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करताना ते वगळण्याची सोयही नव्हती. शिवाय त्या एकाच घरात मुसलमान असण्याच्या किती तरी रीती होत्या. बँकेचे व्याज घ्यावे की नाही यावरून आजोबा आणि धाकटे मामा तासन्‌तास वाद घालत. दोघेही धर्माचाच आधार देत आणि दोघांचे निष्कर्ष वेगळे निघत. आजी त्या दोघांनाही गप्प करून तिसरेच काही सांगत असे. पुढे मोठेपणी हनफी, मालिकी, शाफई आणि हनबली या चार सुन्नी परंपरांविषयी, शियांच्या जाफरी परंपरेविषयी, ओमानमधील इबादींविषयी वाचले, तेव्हा मतभेद हा या धर्मविचाराचा जुना स्वभाव आहे हे समजून घेणे मला जड गेले नाही. दोन अब्ज माणसांविषयी एकच एक मत बनवल्याचा आक्षेप आपण घेतलात. त्या घराने मला असे मत बनवण्यापासूनच परावृत्त केले आहे. समोरचा मुसलमान काय मानतो हे त्यालाच विचारावे लागते, आणि मिळालेले उत्तर फक्त त्याचे असते.

आता ‘चार प्रेमळ माणसां’विषयी. आईच्या लग्नानंतर मोठ्या मामांनी तिच्याशी बोलणे बंद केले आणि ते अनेक वर्षे बंद राहिले. तिच्या वाट्याला आलेले हे दुःख मी लहानपणापासून पाहिले आहे, त्यामुळे मिश्र घर म्हणजे आपोआप सलोखा असे मी कधीच म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितले होते की, दोन समाजांतील माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचा असेल, तर त्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, ते साधण्यासाठी सहकार्य हवे आणि अधिकारी मंडळींचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या अटी पूर्ण झाल्या तर परिणाम अधिक ठळक असतो, पण त्या नसतानाही संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, असे त्यांना आढळले. कुटुंबाच्या बाबतीत मला दर्जाची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या घरात सुनेला किंवा जावयाला नाव, प्रार्थना, सण हे सगळे सोडल्यावरच स्वीकारले जाते, तिथे वाढणारे मूल एकच गोष्ट शिकते: दोन धर्मांपैकी एक वरचा आणि दुसरा लपवण्यासारखा. माझ्या वडिलांनी आईला काही सोडायला सांगितले नाही आणि आजोबांनी वडिलांना कलमा पढायला, म्हणजे मुसलमान व्हायला, सांगितले नाही. माझ्या मनातील आदराचे मूळ शोधायचे झाले तर ते या दोन न केलेल्या मागण्यांत सापडेल. मोठ्या मामांचा अबोला त्याच काळातला आहे आणि तोही मी हिशेबात धरते. पण त्यांच्या वागण्याचा जाब त्यांनाच विचारायला हवा, त्यांच्या वडिलांना किंवा समाजाला नव्हे.

आपला सर्वांत धारदार प्रश्न लग्नाच्या नियमाचा आहे. पारंपरिक फिक्हनुसार, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यानुसार, मुस्लिम पुरुष ज्यू किंवा ख्रिस्ती स्त्रीशी लग्न करू शकतो, मुस्लिम स्त्री मात्र धर्माबाहेर लग्न करू शकत नाही. हा नियम अन्यायकारक आहे असे माझे मत आहे, आणि ते मी आजोळच्या घरात बसून आजोबांसमोरही मांडले आहे. त्यांना ते पटले नाही. त्यांनी आईचे लग्न धर्मदृष्ट्या योग्य कधीच मानले नाही, पण मुलीला अंतर दिले नाही. त्यांचा आधार कुराणातलाच होता: आई-वडील अल्लाहसोबत इतरांना भागीदार मानायला भाग पाडू लागले तर त्यांचे ऐकू नये, परंतु या जगात त्यांच्याशी चांगुलपणानेच वागावे, असे ३१व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, म्हटले आहे. जी सवलत मुलांनी आई-वडिलांना द्यायची ती वडिलांनी मुलीलाही द्यावी, असे ते म्हणत. ते आणखी एक कथा सांगत. पैगंबरांची कन्या झैनब मुसलमान झाली, पण तिचे पती अबुल आस अनेक वर्षे आपल्या जुन्याच धर्मात राहिले आणि बद्रच्या लढाईत मक्केच्या बाजूने लढताना पकडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी झैनबने आईचा, म्हणजे खदीजांचा, हार पाठवला. तो ओळखून पैगंबरांचे मन भरून आले आणि त्यांच्या सांगण्यावरून अबुल आस यांना सोडून हार परत देण्यात आला. या कथेवरून नियम बदलतो असे आजोबा म्हणत नव्हते. घरात धर्म दोन झाले तरी नाते तोडावे लागत नाही, एवढेच ते तिच्यातून घेत.

नियमाविषयीचा वाद मुस्लिम समाजातही चालू आहे. मुस्लिम स्त्रियांच्या अशा लग्नांना मज्जाव करणारे १९७३ चे सरकारी परिपत्रक ट्युनिशियाने २०१७ मध्ये रद्द केले, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत तिथल्या मुस्लिम स्त्रिया पुढे होत्या. या नियमावर टीका करताना मी त्या स्त्रियांच्या शेजारी उभी असते. म्हणून आदर आणि टीका यांपैकी एकच निवडण्याची वेळ माझ्यावर येत नाही. ज्यांच्याशी वाद घालण्याइतके आपण त्यांना समंजस मानतो, त्यांच्याशीच आपण नीट वाद घालतो.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरात कुणी मुसलमान नाही त्यांचा. स्टीफन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की, आपल्या ओळखीच्या, आपल्याच समाजातील एखाद्या व्यक्तीची दुसऱ्या समाजातील कुणाशी घट्ट मैत्री आहे, हे नुसते माहीत असण्यानेही त्या समाजाविषयीचा पूर्वग्रह कमी होऊ शकतो. आजोळी घडलेले मी लिहिते ते यासाठी. आपण स्वतःच सांगितले आहे की आपला एकाही मुस्लिम कुटुंबाशी घरोबा नाही. व्याजाच्या त्या वादात आजोबा काय म्हणत, धाकटे मामा कशाचा आधार देत आणि आजी दोघांना काय सुनावत असे, हे आपल्याला ऐकावेसे वाटत असेल तर जरूर कळवा. पुढच्या लेखात तो वाद मी तिघांच्याही बाजूने सविस्तर लिहीन.