तारखेवाले, तिथीवाले आणि मी

माझी अर्धी सीएल गेली. अजून पोटात दुखतंय, म्हणून आधी तेच सांगतो.

बँकेचा मेसेज आला होता, केवायसी अद्ययावत करा, नाहीतर खातं गोठवू. आमची कंपनी हिंजवडीत, बँक कोथरूडला. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली. आधार, पॅन, लाइट बिल, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेतल्या. फोटो काढून घेतले. त्यात मी फरार दिसतो, पण ते असो. बरोब्बर दहाला शाखेसमोर उभा राहिलो, तर शटर खाली. शटरला झेंडूची माळ. तारीख १९ फेब्रुवारी.

शिवजयंती. सरकारी सुट्टी. बँका बंद, कचेऱ्या बंद, शाळा बंद. उघडी फक्त आमची कंपनी, आणि तिथून मी रजा काढून आलेलो. लोक सुट्टीच्या दिवशी घरी झोपतात. मी स्वतःची रजा खर्चून सुट्टी बघायला आलो होतो.

“सातवे,” पायरीवरून आवाज आला.

स्वेटरचं जाकीट, मांडीवर नायलॉनची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. सत्तरीपुढचे काका.

“काय सातवे?”

“आज येऊन परत गेलेले. तुम्ही सातवे. मी रोज फिरून आलो की इथे बसतो, सावली असते. मागच्या वर्षी अकरा आले होते. यंदा लोक सुधारलेत.” मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत, “आडनाव काय तुमचं?”

सांगितलं.

“आणि तरी विसरलात?”

आता याला काय उत्तर द्यायचं? महाराजांना मी विसरलो नव्हतो हो, सुट्टी विसरलो होतो. ज्याला मिळत नाही त्याच्या ती लक्षात कशी राहणार? आमच्याकडे ‘ऐच्छिक सुट्ट्या’ नावाची एक यादी येते. पंधरातून तीन निवडायच्या. मी दिवाळीच्या आगेमागे तिन्ही उधळून मोकळा झालो होतो. वर त्याच दिवशी सकाळी एचआरची मेल: महाराजांचं चित्र, खाली कंपनीचा लोगो, ‘शिवजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि त्याखाली साडेअकराच्या मीटिंगची लिंक.

“तसं बघायला गेलं तर,” काका म्हणाले, “आज वाढदिवस नाहीच.”

मी पायरीवर बसलो. अर्धा दिवस तसाही वायाच गेला होता.

“पूर्वी १६२७ धरायचे. मग टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली जुनी तिथीवार नोंद, छापली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे १६३०. त्यावर विद्वानांनी किती वर्षं डोकी फोडली, आणि सरकारनं तारीख मान्य केली कधी? २००१ साली! आता ऐका. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ग्रेगोरियन. दहा दिवसांचा फरक. म्हणजे आपल्या हिशेबानं जन्म १ मार्चचा.”

मी ताडकन उठलो. “म्हणजे आज बँक उघडी हवी होती!”

“हवी होती.”

“मग १ मार्चला द्यायची सुट्टी!”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूसच पाहू शकतो. “१ मार्चला यंदा रविवार आहे,” ते म्हणाले. “सुट्टी बुडाली असती.”

तेवढ्यात चौकात टेम्पो येऊन थांबला. त्यात चार-पाच पोरं भगवे फेटे घातलेलीच गाढ झोपली होती. रात्रभर धावत शिवनेरीवरून ज्योत आणली होती त्यांनी. शिवनेरी म्हणजे जुन्नर, नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. जो जागा होता तो मात्र पावतीपुस्तक घेऊन थेट माझ्याकडे आला.

“साहेब, पाचशे एक.”

मी काकांकडे पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, “मी तिथीवाला.” पोरानं मान डोलावली आणि माझ्याकडे वळला. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. एटीएममध्येही खडखडाट आहे म्हणालो, तर त्यानं पावतीपुस्तक उलटं केलं. मागे क्यूआर कोड. दिले.

तो गेल्यावर मी विचारलं, “आणि तिथीवाले येतात तेव्हा?”

“त्यांना सांगतो, तारखेला दिली.”

हसू आलं, पण गिळलं. कारण एव्हाना राग बाहेर यायला लागला होता. माझ्या हातात तो केवायसीचा फॉर्म होता, आठवडाभर आधी आणून ठेवलेला. त्यात मराठीतल्या ओळी वाचून कळत नाहीत म्हणून मी इंग्रजी वाचतो, आणि इंग्रजी कळत नाही म्हणून बायकोला विचारतो. ज्यांच्या जयंतीसाठी हे शटर खाली होतं, त्यांनी कारभारातले फारसी शब्द काढून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. प्रभावळीच्या सुभेदाराला त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागता कामा नये. अहो, देठ राहू द्या. माझं खातं, माझे पैसे, माझंच तोंड, आणि तो मीच आहे हे दर काही वर्षांनी मीच जाऊन सिद्ध करायचं. तेही फक्त कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, म्हणजे माझ्या रजेवर. त्यांच्या दरबारात असला कारकून टिकला असता का?

हे सगळं मी बहुतेक मोठ्यानं बोललो. कारण काका म्हणाले, “शनिवारी या. दुसरा-चौथा बंद, परवाचा तिसरा आहे.”

ऑफिसात जाऊन रजा रद्द करायला गेलो. पोर्टल म्हणालं, घेतलेली रजा मागे घेता येत नाही. एचआरला फोन केला. ती गुरुग्रामला बसते. म्हणाली, “पण सर, आज तर तुमच्याकडे हॉलिडे आहे ना? मग तुम्ही लीव्ह का घेतली?”

शनिवारी गेलो. शटर वर, पंखे सुरू, काउंटरला माणसं. केवायसीच्या खिडकीत मात्र खुर्चीला नुसता नॅपकिन. शिपाई म्हणाला, “मॅडम रजेवर. गुरुवारला जोडून शुक्रवार-शनिवार टाकलाय. कोकणात गेल्यात.”

बाहेर आलो. पायरीवर कोथिंबिरीच्या जागी आज मेथी होती.

“आज तुम्ही पहिले,” काका म्हणाले.