साडूभाऊ आणि लेयर मास्क

तीन रात्री जागून आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चुकवून मी गिम्प या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधील लेयर मास्कवर १४ मिनिटांचा मराठी व्हिडिओ तयार केला आणि इंदूरमधल्या सगळ्या आप्तेष्टांना पाठवला. परवा सकाळी मी पोह्यांवर शेव घालत असतानाच रामबागेतील काका दारात उभे राहिले.

"व्हिडिओ पाहिला. छान आहे. चौथी शिट्टी मात्र फार उशिरा झाली."

मग त्यांनी मोबाईल पुढे केला. राजवाड्यासमोरच्या कौटुंबिक फोटोतून त्यांना आपले साडूभाऊ वगळायचे होते. कारण विचारण्याचे धाडस मला झाले नाही, परंतु बोलण्याच्या ओघात एका प्लॉटचा उल्लेख दोनदा आला.

"काका, मास्कवर काळा रंग फिरवला की तो भाग झाकला जातो, पांढरा फिरवला की पुन्हा दिसतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही."

"म्हणजे हा परत येऊ शकतो?"

"हाच तर मास्कचा फायदा आहे."

"मग तो काय कामाचा? कायमचे काहीतरी सांग."

"खोडरबर आहे. पण खोडल्यावर तेथे भोक पडेल."

"याच्याच आकाराचे?"

"हो."

काका बराच वेळ गंभीर राहिले. "म्हणजे गेल्यावरही हा माणूस जागा अडवणारच."

शिकवणाऱ्याकडे शिकायला कोणी येत नाही, काम टाकायला येतात; अखेर मीच बसलो. राजवाड्याचे खालचे ३ मजले दगडी आणि वरचे ४ लाकडी आहेत, हे शाळेत पाठ केलेले ज्ञान त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडले, कारण उंच साडूभाऊ खालून टिपलेले असल्याने त्यांचे पाय दगडात आणि डोके लाकडात होते. कंट्रोल दाबून कधी दगडाचा, कधी सज्जाचा नमुना घेत मी क्लोन टूलने दुपारपर्यंत होळकरांची डागडुजी करत होतो.

घाईत मी एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाईल पाठवली. "फाईल खराब आहे," असा निरोप आला. गिम्पमध्ये २०१२च्या २.८ आवृत्तीपासून सेव्ह केले की एक्ससीएफच मिळते, जेपीजी हवी असल्यास एक्स्पोर्ट करावे लागते, हे सांगण्यासाठी मी व्हिडिओची शेवटची दोन मिनिटे खर्ची घातली होती. तेथवर कोणी पोहोचत नाही, कुकर तेवढा सर्वांना ऐकू जातो.

संध्याकाळी तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर झळकला. खाली काकांनी लिहिले होते, "घरबसल्या शिकलो." साडूभाऊंनीही लगोलग विचारले, "आमच्याही एका फोटोतून एकाला काढायचे आहे, जमेल का?" काकांनी त्यांना माझा व्हिडिओ पाठवला नाही, घरचा पत्ता पाठवला.